विजेची दुचाकी आणि दमट हवा

आमच्या जिल्ह्यांतील कास्तकारांच्या दारीं विजेवर चालणारी दुचाकी आतां नवलाची राहिली नाहीं. २०१७ सालच्या मे महिन्यांत नागपूर शहरांत विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या मोटारींचा प्रयोग सुरू झाला, तेव्हां लोक थांबून पाहत. आज काटोल, सावनेर किंवा उमरेडच्या बाजारांत अशी दुचाकी उभी असली तरी कोणी मान वळवीत नाहीं. राज्य सरकारनेंहि २०२१ सालीं व पुन्हां २०२५ सालीं या वाहनांस उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें आहे. पेट्रोलचा खर्च वांचतो, गाडी आवाज करीत नाहीं, सकाळ-संध्याकाळ वाडीवर जाऊन येण्यास ती पुरते, हें सर्व खरें आहे. आम्हीहि अशीच गाडी वापरतों, व तिची निंदा करण्यासाठीं हे चार शब्द लिहीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ‘या गाडीस निगा लागत नाहीं’ असें जें विकतेवेळीं सांगण्यांत येतें तें खरें नाहीं, आणि तें खरें मानल्यामुळें कास्तकाराचें नुकसान होत आहे.

असें कां सांगतात तें समजण्यासारखें आहे. पेट्रोलच्या गाडीस इंजिन असतें. त्याचें तेल बदलावें लागतें, प्लग साफ करावा लागतो, हवेची जाळी झटकावी लागते. विजेच्या गाडींत यांतलें कांहीं नाहीं. बॅटरी, मोटर, त्यांवर देखरेख करणारीं यंत्रें व या सर्वांस जोडणाऱ्या तारा, एवढाच तिचा संसार. फिरणारे भाग थोडे, म्हणून झीजहि थोडी. परंतु झीज हा बिघाडाचा एकच प्रकार झाला. बैलगाडीच्या चाकाची धांव चालून चालून झिजते, आणि परसांत नुसती पडून राहिलेली विळी न चालतांच गंजते. विजेच्या गाडीचें दुखणें या दुसऱ्या प्रकारचें आहे. तें दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, आणि कळतें तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो.

आमचीच गोष्ट सांगतों. महसूल खात्यांतील कारकुनी संपत आली त्या सुमारास आम्हीं काटोल तालुक्यांतील आमच्या संत्र्याच्या वाडीसाठीं एक गाडी घेतली. दुकानांतील मुलानें सांगितलें, ‘काकाजी, हिले काहीच करा लागत नाही. फक्त प्लग लावा.’ आम्हीं तसेंच केलें. गाडी ठेवण्यास कोरडी व कुलुपाची जागा म्हणून खताची कोठी बरी वाटली. एका बाजूस युरिया व पोटॅशचीं पोतीं, दुसऱ्या बाजूस फवारणीचे पंप, आणि भिंतीपलीकडे गोठा व कुटार. पहिलें वर्ष सुखाचें गेलें. दुसऱ्या पावसाळ्यांत चार्जिंगच्या प्लगच्या पितळी टोकांवर हिरवट पूट दिसूं लागलें. तें आम्हीं धोतराच्या सोग्यानें पुसलें व विसरलों. ऑगस्ट महिन्यांत एका रात्रीं आमच्या सुनेस जळक्या रबरासारखा वास आला. तिनें हांक मारली म्हणून आम्ही धांवलों. प्लगचें प्लास्टिक वितळून गाडीच्या तोंडास चिकटलें होतें, आणि भिंतीपलीकडे हातभर अंतरावर वर्षाचें कुटार रचलेलें होतें. मुख्य बटण बंद केलें व त्या रात्रीं कोणी झोपलें नाहीं.

पुढें गाडी दुकानीं नेली. त्यांनीं पेटी उघडून सांगितलें कीं आंत ओल शिरली आहे, व ओलीमुळें झालेला बिघाड हमींत बसत नाहीं. हमीपत्र पाहिलें. तें इंग्रजींत, बारीक अक्षरांत होतें, आणि त्यांत तसें कलम खरोखरच होतें. आयुष्यभर आम्ही लोकांस ‘वाचून सही करा’ असें सांगत आलों, आणि स्वतः न वाचतां सही केली. ही चूक आमची. परंतु जी गाडी पावसाळ्यांतहि चालावयाची ती घेतांना तोंडानें ‘कांहीं करावें लागत नाहीं’ असें सांगावयाचें व कागदावर ओलीची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकावयाची, ही रीत चांगली नव्हे.

त्या वर्षीं दिवाळीस आमचे व्याही आले. त्यांचें घर रत्नागिरी जिल्ह्यांत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, व त्यांच्याकडे आमच्याआधींपासून विजेची दुचाकी आहे. ती अजून ठाकठीक चालते. आम्हांस याचें आश्चर्य वाटलें, कारण कोंकणांतील पाऊस व खारी हवा लोखंडास कशी खाते हें सर्वांस ठाऊक आहे. व्याह्यांनीं आमची खताची कोठी पाहिली व म्हणाले, ‘व्याही, आमच्याकडे मीठ हवेंत असतें, तुमच्याकडे तें पोत्यांत आहे. आम्हांला तें ठाऊक आहे म्हणून आम्ही जपतों. तुम्हांला ठाऊक नाहीं.’ या बोलण्याचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला, आणि तें अक्षरशः खरें आहे अशी आमची खात्री झाली आहे.

कारण असें आहे. हवेंतील ओल एका मर्यादेपलीकडे गेली कीं मीठ आपण होऊन पाणी ओढून घेतें व पाझरूं लागतें. साध्या मिठाची ही मर्यादा शेंकडा ७५ च्या आसपास आहे. कोंकणांत पावसाळाभर हवेंतील ओल याच्या वर राहते, म्हणून तेथें धातूवर बसलेला मिठाचा कण म्हणजे खाऱ्या पाण्याचा थेंबच होय. आतां आपल्या खतांकडे पाहा. युरियाची मर्यादा सुमारें ७३ व म्युरिएट ऑफ पोटॅशची सुमारें ८४. दोन खतें एकमेकांत मिसळलीं तर मर्यादा आणखी खालीं येते. उघडें राहिलेलें पोतें श्रावणांत पाझरतें हें प्रत्येक कास्तकारानें पाहिलें आहे. त्याचें कारण हेंच. शिवाय समुद्राच्या मिठांतील जें क्लोराइड लोखंड खातें, तेंच म्युरिएट ऑफ पोटॅशमध्यें असतें. गोठ्यांतून येणारा अमोनियाचा वायु ओलीच्या संगतीनें तांब्यापितळेस खातो. आणि मोरचुदाबद्दल तर संत्रेवाल्यांस सांगावयास नको. बोर्डो मिश्रण बरोबर झालें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपण त्यांत लोखंडी चाकू बुडवितों, व त्यावर तांबूस पूट चढलें तर चुना कमी पडला असें समजतों. जें द्रावण चाकूवर घटकाभरांत खूण उठवितें, त्याचे फवारे गाडीच्या सांध्यांवर उडाले तर काय होईल?

‘नागपूरची हवा कोरडी, येथें दमटपणा कसला?’ असें कोणी म्हणतील. मे महिन्याच्या दुपारीं हें म्हणणें बरोबर आहे. त्या वेळीं हवेंतील ओल शेंकडा २०-२५ च्या आसपास उतरते. परंतु ऑगस्टच्या सकाळीं तीच ८० च्या पुढें जाते. म्हणजे वर्षाचे तीन-चार महिने आपण हवेच्या बाबतींत समुद्रकांठचेच रहिवासी असतों. फरक इतकाच कीं कोंकणांतील मनुष्य बाराहि महिने सावध असतो, आणि आपण बाराहि महिने बेसावध असतों.

ओल आंत कशी शिरते तेंहि समजून घेतलें पाहिजे. पाऊस थेट आंत पडतो असें नव्हे. गाडी दिवसा तापते तेव्हां पेट्यांतील व प्लगच्या खांचांतील हवा फुगून बाहेर जाते. रात्रीं गाडी निवते तेव्हां बाहेरील ओली हवा आंत ओढली जाते व थंड धातूवर तिचें दंव बनतें. असें रोज घडतें. त्या दंवानें तांब्यापितळेच्या टोकांवर कळंक चढतो. देवघरांतील तांब्याच्या पळीवर चढलेला कळंक चिंचेनें निघतो व कांहीं बिघडत नाहीं. परंतु विजेच्या वाटेवर चढलेला कळंक विजेस अडवितो, आणि अडलेली वीज उष्णता उत्पन्न करते. चार्जिंग तासन्‌तास चालतें, म्हणून ती उष्णता सांचत जाते व प्लग वितळतो. आमच्या घरीं घडलें तें हेंच.

आमचे व्याही जी निगा ठेवतात ती अवघड नाहीं. आठवड्यांतून एकदां गाड्या पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें ते गाडी पुसतात, म्हणजे बसलेलें मीठ निघून जातें. मग कोरड्या फडक्यानें पुसून सावलींत वाळूं देतात. जोरदार झोताच्या पंपानें गाडी धूत नाहींत. हा मुद्दा आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा, कारण फवारणीचा पंप आपल्या हाताशींच असतो. बॅटरीच्या पेटीवर ‘आयपी ६७’ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ, धूळ आंत जात नाहीं, व एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास बुडविली तरी पाणी आंत शिरत नाहीं, एवढाच आहे. ही परीक्षा स्थिर पाण्यांत होते. झोताची परीक्षा वेगळी असते व तिचा शिक्काहि वेगळा असतो. शिवाय पेटीचें रबर वर्षानुवर्षें उन्हांत वाळलें कीं नव्या पेटीचा भरंवसा जुन्या पेटीस लागू पडत नाहीं.

चार्जिंगच्या तोंडावरील झांकण ते कधीं उघडें ठेवीत नाहींत. महिन्यांतून एकदां, गाडी बंद करून व चार्जर भिंतींतून काढून, प्लगचीं टोकें कोरड्या मऊ ब्रशानें साफ करतात. हिरवें किंवा पांढरें पूट दिसलें तर स्वतः खरवडीत बसत नाहींत, माहितगारास दाखवितात. जोडाच्या रबरी कडेस सिलिकॉनचें ग्रीस लावून घेतात. खोबरेल किंवा इंजिनाचें जुनें तेल लावीत नाहींत, कारण त्यावर धूळ बसून चिखल होतो. ज्यांच्या गाडींत शिशाची जुन्या पद्धतीची बॅटरी असेल त्यांनीं तिचीं टोकें साफ व घट्ट ठेवून वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. ब्रेक, टायरची हवा, चाकाचे बेअरिंग व उभी करण्याची घोडी यांस तर पेट्रोलच्या गाडीइतकीच निगा लागते. गाडीवर ताडपत्री गुंडाळून ठेवणें हें आम्हांस पूर्वीं जपणें वाटे; पण ओल्या गाडीवर ताडपत्री घालणें म्हणजे ओल कोंडणें होय. छप्पर असावें, भिंत असावी, परंतु वारा खेळता असावा.

कोंकणास जी अडचण नाहीं ती आपल्याकडे उन्हाळ्याची आहे. २०१३ च्या मे महिन्यांत नागपूरास ४७.९ अंश उष्णता नोंदली गेली. आजकालच्या बहुतेक लिथियमच्या बॅटऱ्या ४५ अंशांवर तापलेल्या असतांना चार्ज करूं नयेत असा नियम आहे. म्हणून दुपारीं वाडीवरून आल्याबरोबर गाडी चार्जिंगला लावूं नये. ती सावलींत तासभर निवूं द्यावी, व शक्यतों पहाटे चार्जिंग करावें. महिनाभर गाडी वापरावयाची नसेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवूं नये, निम्मी भरलेली ठेवावी. बॅटरी ही गाडीच्या किंमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक असते. ती दोन वर्षें आधीं गेली तर पेट्रोलची सर्व बचत तिच्याबरोबर गेली असें समजावें.

आतां जिवाच्या गोष्टीकडे वळूं. पालघर जिल्ह्यांतील वसई येथें २०२२ च्या सप्टेंबर महिन्यांत घरांत चार्जिंगला लावलेल्या दुचाकीच्या बॅटरीचा स्फोट होऊन एक लहान मूल भाजलें व दगावलें. तेथें दमट हवा कारण झाली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु माणसें निजतात त्या खोलींत रात्रभर बॅटरी चार्जिंगला लावूं नये, हा धडा प्रत्येकानें घेण्यासारखा आहे. त्या वर्षीं देशांत अशा आगी अनेक ठिकाणीं लागल्या, म्हणून केंद्र सरकारनें बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. जुनी गाडी विकत घेणारानें ती या तारखांपूर्वींची आहे कीं नंतरची, हें अवश्य पाहावें. आणि आपल्याकडे तर घराहून मोठा धोका कुटाराचा व तणसाचा आहे. चार्जिंगची जागा गोठा, कुटार, खताची कोठी व डिझेलचे डबे यांपासून दूर, पक्क्या भिंतीशीं असावी. तेथें अर्थिंग खरें असावें, नुसतें तिसरें भोंक असून उपयोग नाहीं. वीज गळूं लागतांच प्रवाह तोडणारी ईएलसीबी बसवावी. पातळ वायरचा जोड ओढून पडवींत चार्जिंग करणें, ही तर आपल्या गांवांतील सर्वांत वाईट संवय आहे.

पुराबद्दलहि दोन शब्द सांगणें जरूर आहे. २०२१ च्या जुलैंत चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पाण्यांत बुडालें तेव्हां आपण तें कोंकणाचें दुर्दैव समजलों. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरांतच कांहीं तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला व नाग नदीचें पाणी वस्त्यांत शिरून दारच्या गाड्या बुडाल्या. विजेची गाडी पाण्यांत बुडाली असेल तर ती चालू करून पाहूं नये व चार्जिंगला तर मुळींच लावूं नये. ती घरापासून दूर मोकळ्या जागीं ठेवून माहितगारास बोलवावें. अमेरिकेंत फ्लोरिडा येथें २०२२ सालच्या इयान वादळांत खाऱ्या पाण्यांत बुडालेल्या कांहीं विजेच्या मोटारींस पाणी ओसरल्यानंतर आगी लागल्या. वरून वाळलेली गाडी आंतून वाळली आहे असें समजूं नये.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल कीं इतकी काळजी घ्यावयाची तर पेट्रोलचीच गाडी काय वाईट? आमचें उत्तर असें कीं ही काळजी आठवड्यास पाव तासाची आहे. बैलास खरारा करण्यास याहून अधिक वेळ लागत असे, व त्याबद्दल आपल्या वडिलांनीं कधीं तक्रार केली नाहीं. बैलास काय लागतें हें मात्र त्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. या नव्या जनावरास काय लागतें हें आपणांस कोणी सांगत नाहीं, हें खरें दुखणें आहे.

म्हणून आपल्या संघानें या कामांत पुढाकार घ्यावा अशी आमची सूचना आहे. संघाचे सभासद ज्या दुकानांतून गाड्या घेतात त्या दुकानदारांकडे संघानें तीन गोष्टी एकमुखानें मागाव्या. पहिली, निगेचा कागद मराठींत, मोठ्या अक्षरांत, व आपल्या हवेस धरून लिहिलेला असावा. त्यांत खत, फवारणी व गोठा यांचा स्पष्ट उल्लेख असावा. दुसरी, ओलीमुळें झालेला कोणता बिघाड हमींत बसतो व कोणता बसत नाहीं, हें पैसे घेण्यापूर्वीं मराठींत लिहून द्यावें. तिसरी, मृगापूर्वीं एकदां व दसऱ्यानंतर एकदां गाडीची तपासणी करून तिची नोंद सहीशिक्क्यानिशीं द्यावी. एकट्या कास्तकारानें हें मागितलें तर त्यास हंसून वाटेस लावतील. शंभर जणांनीं मागितलें तर नाहीं म्हणणें जड जाईल. त्याचबरोबर प्रत्येक सर्कलमधून एखाद्या हुषार मुलास हें काम शिकून घेण्यास संघानें साह्य करावें, म्हणजे प्लग हिरवा झाला म्हणून प्रत्येक वेळीं नागपूर गांठावें लागणार नाहीं.

सभासदांनीं स्वतः करावयाची एक गोष्ट आहे. महसूल खात्यांत जन्म काढल्यावर आम्हांस एक पक्कें कळलें आहे कीं, ज्याची नोंद नाहीं तें झालेंच नाहीं असें दप्तर मानतें. गाडीसाठीं एक लहान वही घालावी. गाडी कधीं घेतली, कधीं पुसली, कधीं तपासली, काय दिसलें, दुकानदारानें काय सांगितलें, हें तारखेसह लिहावें. प्लगचा फोटो काढून ठेवावा. उद्यां वाद निघाला व प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढें नेण्याची वेळ आली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दाद मागतांना अशी वही शंभर तोंडी साक्षींहून वजनदार ठरेल. आमच्याजवळ अशी वही नव्हती, म्हणून नव्या बॅटरीचे बावीस हजार रुपये आम्हांस मुकाट्यानें मोजावे लागले.

आमची गाडी आतां ओसरींत, वाऱ्याच्या बाजूस उभी असते. खताची कोठी खतासाठींच ठेवली आहे. दर रविवारीं सकाळीं आम्ही ओलें फडकें घेऊन गाडी पुसतों, आणि सून वहींत तारीख घालते. येत्या मृगापूर्वीं आमच्या वाचकांनीं निदान एवढें करावें: आपली गाडी कोठें उभी असते व कोठें चार्ज होते तें एकदां डोळे उघडून पाहावें, आणि शेजारीं पोतें किंवा कुटार असेल तर त्याच दिवशीं तिची जागा बदलावी.